बारावीच्या मुलांना वृत्तलेख शिकवताना निबंधाची सवय कशी मोडावी?

फळा_आणि_खडू

नमस्कार. मी सोलापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. बारावीच्या युवकभारती या पाठ्यपुस्तकात उपयोजित मराठीच्या विभागात मुलाखत, माहितीपत्रक आणि अहवाल यांच्या जोडीला वृत्तलेख, म्हणजे वर्तमानपत्रात बातमीच्या पलीकडे जाऊन लिहिलेला सविस्तर लेख, आहे. त्यामुळे एरवी पत्रकारितेच्या पदविकेला शिकवला जाणारा हा प्रकार आता सतरा-अठरा वर्षांच्या मुलांपुढे येतो. माझा प्रश्न ज्यांना चार ओळी लिहितानाही अडखळायला होते त्यांच्याविषयीचा नाही, आणि विषय कानावर पडताच लिहीत सुटणाऱ्या दोन-चार मुलांविषयीचाही नाही. प्रश्न मधल्या मोठ्या गटाचा आहे. या मुलांचे शुद्धलेखन बरे असते, वाक्ये पूर्ण होतात, परिच्छेद पाडता येतात, आणि तरीही त्यांना वृत्तलेख लिहायला सांगितला की ती निबंधच लिहून आणतात.

‘सोलापुरी चादर’ या विषयावर आलेल्या बहुतेक लेखांची सुरुवात साधारण अशी असते : ‘सोलापूर हे चादरींचे शहर म्हणून ओळखले जाते. येथील चादरींची कीर्ती सातासमुद्रापार पोहोचली आहे. परंतु आज या व्यवसायाला उतरती कळा लागली आहे.’ या तिन्ही वाक्यांत व्याकरणाची चूक नाही आणि खोटेही काही नाही. पण लिहिणाऱ्याने यंत्रमागाचा खडखडाट आयुष्यात एकदाही ऐकला नसला तरी ही वाक्ये लिहिता येतात, आणि माझ्या मते अडचणीचे मूळ तिथेच आहे. दहावीपर्यंतच्या निबंधांनी मुलांना जागेवरून न उठता कोणत्याही विषयावर पानभर लिहिण्याचे कसब दिले आहे. ते कसब परीक्षेत उपयोगी पडते, म्हणून मुले ते सहजासहजी सोडत नाहीत. वृत्तलेखाला मात्र ते मारक ठरते, कारण वृत्तलेखाचा अर्धा भाग लेखणी हातात घेण्यापूर्वीच घडलेला असावा लागतो.

म्हणून मी सुरुवातीचे तास लिहिण्यावर खर्च करत नाही. प्रत्येकाने एक वही करायची. डाव्या पानावर फक्त पाहिलेले आणि ऐकलेले उतरवायचे, आणि उजव्या पानावर ते पाहताना मनात आलेले प्रश्न लिहायचे. डाव्या पानावर ‘प्रसिद्ध’, ‘सुंदर’, ‘प्राचीन’, ‘अथक’ असली विशेषणे चालत नाहीत. एका मुलीने शेजारच्या कारखान्यात जाऊन आणलेल्या पानावर या नोंदी होत्या : मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. कांडी भरणारी बाई बोटाला चिंधी गुंडाळते. दोघे माणसे बोलताना एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. चादरीच्या एका बाजूला जो रंग नक्षीचा आहे, तो दुसऱ्या बाजूला जमिनीचा होतो. उजव्या पानावर तिने विचारले होते : ‘पुठ्ठे कोण पाडतो? एक नक्षी किती वर्षे चालते? ऐकू कमी येते का?’ या एका पानात एका चांगल्या लेखाचे साहित्य आहे, असे मला वाटते.

माझी अडचण यापुढची आहे. वही भरते, पण वहीवरून लेख लिहायला बसली की तीच मुलगी पुन्हा ‘सोलापूर हे चादरींचे शहर’ या वाक्याने सुरुवात करते. वहीतील नोंदी लेखापर्यंत कशा आणाव्यात, आणि शंभराच्या आसपास मुलांच्या वर्गात हे तपासावे कसे, यावर या क्षेत्रातील जाणकारांचे मत हवे आहे.

डेस्कवरचा_जुना_माणूस

मॅडम, मी बरीच वर्षे इथल्याच एका दैनिकात रविवार पुरवणीचे काम पाहिले. आमच्याकडे नव्याने येणारे पदवीधरसुद्धा हीच अडचण घेऊन येत असत, त्यामुळे ती बारावीच्या वर्गापुरती आहे असे समजू नका.

वही आणि लेख यांच्या मधली पायरी तुमच्या मुलांना दाखवली गेलेली नाही, असे मला तुमच्या वर्णनावरून वाटते. आम्ही तिला अँगल म्हणत असू. चादर हा विषय झाला, आणि विषयावर लेख लिहिता येत नाही, त्यावर फक्त निबंध होतो. चादरीच्या नक्षीचे पुठ्ठे पाडणारी माणसे कमी होत चालली असतील, तर त्यांच्या जागी काय आले आणि जुन्या नक्ष्यांचे काय झाले, हा अँगल झाला. तो सापडला की नाही याची एक कसोटी मी लावत असे. लेख एका वाक्यात सांगायचा, आणि त्या वाक्यात कोणी तरी काही तरी करत असले पाहिजे किंवा काही तरी बदलत असले पाहिजे. ‘सोलापूरची गड्डा यात्रा’ हे वाक्यच नव्हे. ‘यात्रेआधीच्या सरावात नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच मानाची काठी) पेलायला शिकणारी नवी मुले कोण आहेत आणि त्यांना कोण शिकवते’ हे मात्र चालते.

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे, उदाहरण मुद्दाम देतो, कारण दर जानेवारीत तो विषय प्रत्येक संपादकासमोर येतो. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, तैलाभिषेक, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होमप्रदीपन आणि शोभेचे दारूकाम हा क्रम सोलापूरच्या वाचकाला पाठ असतो. तो क्रमच पुन्हा सांगणारा लेख छापण्यात काही अर्थ नसतो. मात्र यात्रेत घालायच्या पांढऱ्या बाराबंद्या (बंद बांधायचे अंगरखे) कोण शिवते, त्याचे गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येते की कसे, आणि संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात त्या शिंप्याच्या घरी जेवणाची वेळ काय असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुलांना सांगा की वाचकाला ठाऊक असलेल्या गोष्टीच्या शेजारची ठाऊक नसलेली गोष्ट शोधायची आहे. तिच्यासाठी लांब जावे लागत नाही.

एक सावधगिरीही सांगतो. ‘प्रसंगाने सुरुवात करा’ असे एकदा शिकवले की पुढच्या आठवड्यात शंभरपैकी नव्वद लेख ‘पहाटेचे पाच वाजले होते’ असे सुरू होतात. निबंधाचा साचा मोडण्याच्या नादात आपण दुसरा साचा हाती देतो. इंट्रोमध्ये, म्हणजे लेखाच्या पहिल्या परिच्छेदात, प्रसंग घ्यायचा तो त्या प्रसंगात लेखाचा प्रश्न दडलेला असेल तरच. नसेल तर साध्या विधानाने सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही.

पाच्छापेठ

दोन्ही प्रतिसाद वाचून आनंद झाला, परंतु मला काही व्यावहारिक शंका आहेत. मी दुसऱ्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे अभ्यासक्रम डिसेंबरपर्यंत संपवायचा असतो, आणि मुलांपैकी निम्मी दुपारनंतर कुठे ना कुठे काम करतात. मुलींना ‘बाहेर जाऊन माहिती गोळा करून या’ असे सांगितले की दुसऱ्या दिवशी पालक भेटायला येतात. शिवाय मंडळाच्या परीक्षेत मुलांना कोणाशी बोलायला जाता येत नाही. तिथे खुर्चीत बसूनच उत्तर लिहायचे असते. मग ज्या सवयीला आपण मोडू पाहतो आहोत, तीच सवय परीक्षेला तारून नेते, असे होत नाही का?

फळा_आणि_खडू

पालकांच्या मुद्द्यापुरते आत्ताच सांगते. परीक्षेचा मुद्दा मोठा आहे, त्यावर नंतर येते.

बाहेर जाण्याची सक्ती मी करत नाही. आमच्या वर्गातील कितीतरी मुलींच्या घरी आई, आजी किंवा काकू विड्या वळतात. पानांना पाणी मारणे, पत्र्याचा साचा ठेवून पान कातरणे, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन वळणे, सूत गुंडाळणे, आणि मग भरलेला माल विडी कारखान्याच्या ब्रँचवर नेऊन देणे, हे सारे मुली लहानपणापासून पाहत आलेल्या असतात. पाहून पाहून त्यांना ते दिसेनासे झालेले असते. त्यांना घरातच परक्यासारखे बसायला सांगितले की वही भरते. हजार विड्यांमागे मजुरी ठरते हे त्यांना माहीत असते, पण हजार विड्यांना किती वेळ लागतो, आणि त्यातला किती वेळ प्रत्यक्ष वळण्यात आणि किती पान कातरण्यात जातो, हे घड्याळ लावून कोणी मोजलेले नसते. मोजले की घरातल्या माणसांनाही ते नवे वाटते.

प्रश्न विचारणे मात्र वेगळे शिकवावे लागते. ‘तुम्हाला या कामाबद्दल काय वाटते?’ असे विचारले की ‘काय वाटायचं, पोटासाठी करायचं’ एवढेच उत्तर येते, आणि मुलगी तेच उत्तर अवतरणचिन्हांत घालून समाधानी होते. त्याऐवजी ‘मला करून दाखव’, ‘कालचा माल परत का आला?’, ‘हे पान बाजूला का टाकलंस?’ असे विचारायला मी सांगते. ‘छाट (म्हणजे नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्या) का निघते?’ या एका प्रश्नातून पान वाळणे, लांबी कमी पडणे, तंबाखू सैल भरला जाणे, असा कामाचा सगळा व्यवहार बाहेर आला होता.

हिप्परगा

मॅडम, तुम्ही छाटीचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. माझी आई विडी कामगार होती. छाट जास्त काढली जाते अशी तक्रार प्रत्येक बाई घरात बोलते, पण ब्रँचवर बोलत नाही, कारण उद्याची पाने तिथूनच मिळायची असतात. तुमच्या विद्यार्थिनीने आईचे हे बोलणे नावासह लेखात घातले आणि तो लेख कोणी व्हॉट्सॲपवर फिरवला, तर त्याचे परिणाम त्या मुलीला नव्हे, तिच्या आईला भोगावे लागतील. घरातल्या माणसाची मुलाखत ही सोपी वाटते, पण तिथे नकार देण्याची मुभा सर्वांत कमी असते. लेकीने विचारले तर कोणती आई ‘हे छापू नकोस’ म्हणेल?

म्हणून दोन गोष्टी वर्गात स्पष्टपणे शिकवाव्यात असे मला वाटते. पहिली म्हणजे, बोलणे सुरू करण्यापूर्वीच ‘हे कोठे लावले जाणार आहे आणि कोण वाचणार आहे’ हे सांगायचे. दुसरी म्हणजे, नाव बदलले असेल तर ‘नाव बदलले आहे’ असे लेखातच लिहायचे. नाव गुपचूप बदलणे आणि काल्पनिक पात्र उभे करणे यांत वाचकाला फरक करता येत नाही, आणि एकदा मुलांना पात्र उभे करण्याची चटक लागली की पुढे कोणाला भेटण्याची गरजच उरत नाही.

दुसरा विषय भाषेचा. आमच्या घरात तेलुगू बोलली जाते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बहुतेक घरांत हेच चित्र आहे, आणि शहराच्या इतर भागांत कन्नड किंवा दखनी उर्दू आहे. मुलगी आजीशी तेलुगूत बोलणार आणि लेख मराठीत लिहिणार. अशा वेळी आजीच्या तोंडी ‘आमच्या व्यवसायाला शासनाने प्रोत्साहन द्यावे’ असे पुस्तकी मराठी वाक्य अवतरणचिन्हांत येते. आजी असे बोललेली नसते. यावर काय करावे?

डेस्कवरचा_जुना_माणूस

हा प्रश्न आमच्या डेस्कवरही सतत येत असे. मी पाळत आलेला नियम साधा आहे. दुसऱ्या भाषेतले बोलणे शक्यतो अवतरणचिन्हांत घालू नये. ‘आजी सांगत होत्या की सासरे मागावर होते तेव्हा गिरणीच्या भोंग्यावर घरचा स्वयंपाक सुरू व्हायचा’ असे आपल्या वाक्यात सांगावे. त्यामुळे आजीच्या तोंडी नसलेले शब्द घातले जात नाहीत आणि माहितीही पोहोचते. एखादे वाक्य तसेच द्यावेसे वाटले तर ते मूळ भाषेत देवनागरीत द्यावे, आणि पुढे त्याचा आशय मराठीत सांगावा. सोलापूरच्या वाचकाला त्यात काही अडत नाही. आणि बोलणारी व्यक्ती तेलुगूत बोलली हे लेखात एकदा नमूद केलेच पाहिजे.

मराठी बोलणाऱ्यांच्या बाबतीत उलट चूक होते. मुले त्यांचे बोलणे ‘सुधारतात’. मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याने ‘औंदा मालदांडी बरी हाय’ म्हटले, तर लेखात ‘यंदा ज्वारीचे पीक समाधानकारक आहे’ असे येते. त्यात बोलीही जाते आणि वाणाचे नावही जाते.

नान्नजची_वाट

मी पक्षिनिरीक्षक आहे, शिक्षक नाही, पण मुलांच्या लेखांतील आकड्यांविषयी मला काही सांगायचे आहे. माळढोक पक्ष्यासाठीच्या इथल्या अभयारण्यावर दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी लिहितो, आणि लेखात एक वाक्य ठरलेले असते : ‘१९७९ साली स्थापन झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते, ते नंतर १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले.’ दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते लेखात कोरडे पडून राहतात. संपूर्ण सोलापूर जिल्हा सुमारे १४,९०० चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे सोलापूर आणि शेजारचा नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा यांत पसरलेले हे अभयारण्य कागदोपत्री एका अख्ख्या जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठे होते, आणि त्यात गावे, शेते, रस्ते, बाजारपेठा असे सारे येत होते. एवढे समजले की पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात. ज्याची जमीन त्या रेषेच्या आत गेली त्याला ती विकताना किंवा त्यावर काही बांधताना काय अडचण आली? क्षेत्र घटल्यावर त्याला काय वाटले? आणि ज्या पक्ष्यासाठी हे सारे झाले तो आता गवताळ माळावर दिसतो का?

मुलांना मी असे सुचवेन की लेखातील प्रत्येक आकड्याच्या शेजारी वाचकाच्या ओळखीचे एखादे माप ठेवावे, आणि ते ठेवता येत नसेल तर तो आकडा चौकटीत टाकावा किंवा वगळावा. आमच्याकडे आलेल्या एका मुलाने माळरानावर दिवसभर बसून एकही माळढोक न दिसल्याचा लेख लिहिला होता. त्यात काळवीट होते, लांडग्याचा माग होता, वनरक्षकाचा डबा होता आणि आकडा एकच होता. मी वाचलेल्या विद्यार्थ्यांच्या लेखांत तो मला सर्वांत विश्वासार्ह वाटला.

हिप्परगा

आकड्यांवरून तारखा आठवल्या. स्वातंत्र्यलढ्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर लिहिताना मुले हमखास गोंधळ घालतात. सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागू झाला तो मे १९३० मध्ये. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिशन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ रोजी, आणि तीही सोलापुरात नव्हे, येरवड्याच्या तुरुंगात. मुलांच्या लेखांत या दोन घटना एकाच आठवड्यात घडतात, कारण चौकातले पुतळे पाहून सारे काही तिथेच घडले असावे असा त्यांचा समज होतो.

पडताळा कसा घ्यायचा हे सांगण्यासाठी मी मुलांना वाचनालयात पाठवतो. १८८४ सालचा सोलापूर जिल्ह्याचा गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), नंतरची जिल्हा गॅझेटियरची आवृत्ती आणि जुन्या वृत्तपत्रांच्या फायली या तीन गोष्टी चाळल्या तरी ऐकीव माहिती आणि नोंदलेली माहिती यांतला फरक कळतो. ऐकीव माहिती टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. ‘असे सांगितले जाते’ म्हणून ती लेखात येऊ शकते, पण तिला इसवी सनाचा टेकू लावून खरी करू नये.

चीनमध्ये रुग्णसेवा करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या बाबतीत वेगळाच अडथळा येतो. १९१० साली सोलापुरात जन्म, १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात समावेश, ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच मृत्यू. ही माहिती इतकी पक्की आणि इतकी सहज मिळणारी आहे की मुले तिथेच थांबतात आणि चरित्राचा गोषवारा लिहून देतात. वृत्तलेख लिहायचा तर भैय्या चौकातल्या स्मारकात आज कोण येते, कोण येत नाही, आणि कुलूप कोण उघडते, इथून सुरुवात करावी लागेल. त्यांचे चरित्र लेखात येईलच, पण ते गरजेपुरते येईल.

पाच्छापेठ

माझ्या परीक्षेच्या शंकेवर कोणी बोलले नाही, पण मधल्या चर्चेतून मला दुसरीच गोष्ट विचारावीशी वाटते. अँगल, पडताळा, अवतरणे हे सारे समजा मुलांना समजले, तरी शंभर लेख तपासायचे कोणी? आणि लेख निबंध झाला आहे हे मुलाला पटवून कसे द्यायचे? ‘यात जीव नाही’ असे शेरे मारून काही होत नाही, हा माझा अनुभव आहे.

फळा_आणि_खडू

सर, यावर मी अलीकडे एक उपाय करून पाहते आहे. त्याचा उपयोग होताना दिसतो.

पहिला मसुदा मी तपासतच नाही. बाकावरच्या जोडीदाराने तो वाचायचा आणि प्रत्येक वाक्यापुढे समासात एक अक्षर लिहायचे. लेखकाने ते स्वतः पाहिले असेल तर ‘पा’, कोणाकडून ऐकले असेल तर ‘ऐ’, कुठे वाचले असेल तर ‘वा’, आणि मुळातच माहीत होते म्हणून लिहिले असेल तर ‘मा’. शंका आली की लेखकालाच विचारायचे, ‘हे तुला कुठून कळलं?’ चादरीच्या लेखाची पहिली तिन्ही वाक्ये ‘मा’ निघाली, आणि पुढेही पानभर ‘मा’च्या ओळी लागल्या, तेव्हा मला काही बोलावे लागले नाही. ज्या मुलीची वही भरलेली होती तिच्या मसुद्यात ‘पा’ अवघे दोन होते. ती स्वतःच वही आणि मसुदा शेजारी ठेवून बसली. ‘मा’ संपूर्ण काढून टाका असे मी सांगत नाही, कारण वाचकाला दिशा देण्यासाठी थोडी सर्वसाधारण माहिती लागतेच. पण तिने ‘पा’ आणि ‘ऐ’च्या मागून यायचे, पुढे धावायचे नाही.

रचनेसाठीही अशीच एक कृती आहे. मसुद्याचे परिच्छेद कात्रीने वेगळे करायचे, बाकावर उलटसुलट टाकायचे आणि जोडीदाराने क्रम लावायचा. कोणताही क्रम लावला तरी चालतो असे आढळले, तर परिच्छेद एकमेकांवर अवलंबून नाहीत आणि लेख म्हणजे मुद्द्यांची यादी आहे, हे दोघांनाही कळते. क्रम एकाच प्रकारे लागत असेल तर कुठे तरी प्रश्न आणि उत्तर, कारण आणि परिणाम असा धागा आहे. त्या मुलीचा दुसरा मसुदा पुठ्ठ्यांच्या माळेपासून सुरू झाला. पुढच्याच परिच्छेदात नक्षी बदलायची तर पुठ्ठे नव्याने पाडावे लागतात आणि ते पाडणारा कारागीर आता आठवड्यातून एकदाच येतो, हे आले. त्यानंतर सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असल्याची माहिती आली आणि ती तिथे शोभली, कारण मानांकन नेमके कशाला आहे आणि ती गोष्ट करणारी माणसे किती उरली आहेत, हा प्रश्न तोवर वाचकाच्या मनात उभा राहिलेला होता.

मोबाइलवरून तयार मजकूर उतरवून आणणाऱ्यांसाठीही समासातील अक्षरे कामी येतात. तो मजकूर आरंभापासून शेवटपर्यंत ‘वा’ किंवा ‘मा’ निघतो, आणि वहीत त्याचा मागमूस नसतो.

डेस्कवरचा_जुना_माणूस

समासाची युक्ती उत्तम आहे. मी असतो तर वार्ताहरांच्या कॉपीवरही (बातमीच्या मजकुरावरही) ती वापरली असती.

शेवटाविषयी एक वाक्य जोडतो. निबंधाची सवय सुरुवातीला मोडली तरी ती शेवटी पुन्हा डोके वर काढते. ‘आपण सर्वांनी हा वारसा जपला पाहिजे’ हे वाक्य न लिहिता मुलांना लेख संपल्यासारखाच वाटत नाही. मी शेवटचा परिच्छेद झाकून वाचत असे, आणि दहांपैकी आठ वेळा लेख तिथेच पूर्ण झालेला असे. मुलांना तेवढेच करून पाहायला सांगा.

आणि गुण देताना वहीलाही गुण ठेवा. वहीला गुण नाहीत असे कळले की मुले लेख आधी लिहितात आणि वही मागाहून सजवतात.

पाच्छापेठ

हे माझ्या वर्गात या सत्रात करून पाहीन. वहीला गुण अंतर्गत मूल्यमापनात ठेवता येतील. परीक्षेचे मात्र अजून राहिले.

फळा_आणि_खडू

सर, विसरले नव्हते. परीक्षेत वृत्तलेखाचे स्वरूप, त्याचे प्रकार, तो लिहिताना घ्यायची काळजी अशा अंगाने प्रश्न आला तर मुलांना गोष्टी आठवून लिहाव्या लागतात. ज्याने एक लेख खरोखर केलेला आहे तो प्रत्येक मुद्द्याला स्वतःचे उदाहरण देतो. ‘वृत्तलेखात अचूकता हवी’ हे वाक्य सर्वांच्या उत्तरपत्रिकेत असते. त्यापुढे ‘उदाहरणार्थ, चार हुतात्म्यांना फाशी सोलापुरात नव्हे तर येरवड्यात झाली, हे मला गॅझेटियर पाहिल्यावर कळले’ हे वाक्य एखाद्याच्याच उत्तरपत्रिकेत असते. प्रत्यक्ष लेख लिहायला आला तर वहीतले साहित्य डोक्यात असते, आणि विड्यांवर केलेली वही महिलांचे श्रम, गृहोद्योग, सोलापूरचे उद्योग अशा तीन-चार विषयांना पुरते. खुर्चीत बसून लिहायला माझी हरकत नाही. खुर्चीत बसण्याआधी एकदा तरी उठलेले असावे, एवढेच मी पाहते.

हिप्परगा यांच्या सूचनेनुसार एक बदल मी लगेच केला आहे. लेख महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर लावण्यापूर्वी तो ज्यांच्याविषयी आहे त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा, आणि त्यांनी वगळायला सांगितलेले वगळायचे. दोन लेखांतून छाटीचे परिच्छेद गेले. त्या मुली नाराज आहेत, आणि त्यांच्याशी मला उद्या पुन्हा बोलावे लागणार आहे. ब्रँचचे नाव आणि घराचा पत्ता काढून, अनेक बायकांचे मिळून एकत्रित बोलणे अशा स्वरूपात तो भाग ठेवता येईल का, यावर कोणाचा अनुभव असेल तर कृपया लिहावे.

हिप्परगा

ठेवता येईल, पण त्यासाठी खरोखरच अनेक बायकांशी बोलावे लागेल. एकीचेच बोलणे ‘अनेक जणी सांगतात’ असे लिहून चालणार नाही. आमच्या गल्लीत दुपारी तीननंतर ओट्यावर बसून विड्या वळणाऱ्या सात-आठ जणी तरी असतात. मुलींना तिकडे पाठवा, मी माझ्या बहिणीला सांगून ठेवतो. तेलुगू येणारी एक तरी मुलगी सोबत असू द्या.